वेगळ्या टेबलावरचं त्सिमेस

हर्नडन, व्हर्जिनिया
७ सप्टेंबर २०२५

प्रिय देवानंदभाऊजी यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. सगळं ठीक आहे. फोनवर बोलायचं तर निम्मं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेलं शेजारी बसलेल्या जागृतीला ऐकू जातं. कुटुंबाच्या ग्रुपवर लिहावं तर नागपूरपासून इथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलपर्यंत सगळे अंगठे दाखवतात. नागपूरच्या टपाल कार्यालयात मी आयुष्य काढलं, तेव्हा बंद पाकिटावरचा माझा विश्वास अजून उडालेला नाही. तुमच्या पार्सिपनीला पत्र तीन-चार दिवसांत पोहोचतं असं इथल्या खिडकीवरच्या बाईने सांगितलंय. पाहू या.

आपल्या जागृतीने निवडलेला मुलगा पाहिला. एली त्याचं नाव, हे तुम्हाला माहीतच आहे. उंच आहे, जेवल्यावर न सांगता भांडी घासतो आणि मला आई म्हणतो. जयभीमही करतो, फक्त हात जोडतानाच मान इतकी वाकवतो की मला वाटतं चष्मा पडेल. तुमचे दादा असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला बुद्धिबळाला बसवलं असतं. पण मी अजून होकार दिलेला नाही. मुलगा पाहून होतं काय? घर पाहायला पाहिजे. त्याची आई, रूथबाई, नदीपलीकडे मेरीलँडमध्ये राहतात. ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झाल्या, यजमान वारले. येत्या बावीस तारखेला संध्याकाळी त्यांचं ज्यू नवीन वर्ष सुरू होतं, त्या जेवणाला आम्हाला बोलावणं आहे. तिथून आल्यावर सांगेन, असं मी दोघांना बजावलंय. जागृतीचा चेहरा तेव्हापासून परीक्षेच्या निकालासारखा झालाय.

रिकाम्या हाताने जाणं आपल्यात नाही. म्हणून मी ठरवलंय की त्यांचाच पदार्थ करून न्यायचा. त्सिमेस म्हणतात. गाजरं, रताळी, सुकवलेले आलुबुखार, जर्दाळू, बेदाणे, वर मध आणि संत्र्याचा रस घालून मंद आचेवर शिजवायचं. संत्र्याचा रस म्हटल्यावर माझा पदर खोचला गेलाच. नागपूरची बाई संत्र्याला घाबरते की काय! जागृतीला सांगितलेलं नाही, नाहीतर ती फोनवर व्हिडिओ लावून डोक्याशी उभी राहील.

आणखी एक बातमी. इथल्या मराठी मंडळाच्या सहलीला गेलो होतो. जागृतीच्या शेजारच्या प्रीताबाई मंडळाच्या कमिटीवर आहेत, फार गोड बोलतात. माझी भरली वांगी त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली, शेजारी फुलंसुद्धा. पण त्या दिवशी कुणाचा उपवास, प्रीताबाईंची कीटो म्हणजे गूळ-भात बंद, कुणाला वांगं सोसत नाही. डबा जसा नेला तसा आणला. अमेरिकेत लोक तब्येतीला फार जपतात हो.

चि. दीपाला आशीर्वाद. आपला लोभ आहेच, तो पत्रोत्तराने दिसू द्यावा.

आपली,
गिरजावहिनी


पार्सिपनी, न्यू जर्सी
१३ सप्टेंबर २०२५

ती. गिरजावहिनींस,
सविनय जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. दीपाला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने मध्येच उठून कुकर बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

वहिनी, तुम्ही निघालात ते साधं जेवण नव्हे, ही ऐतिहासिक भेट आहे. दोन्ही समाजांनी सोसलेलं आहे. एकाला गावाबाहेर ठेवलं, दुसऱ्याला देशाबाहेर. मी चार दिवस ग्रंथालयात बसून टिपणं काढली आहेत. सोबत सात पानांचं छोटंसं भाषण पाठवत आहे. जेवणाआधी तुम्ही ते वाचावं, जागृतीने इंग्रजीत सांगावं. दीपाचं म्हणणं आहे की भुकेल्या माणसांसमोर सात पानं वाचली तर सोसलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव दुसऱ्यांदा जाईल. तिला इतिहासाची जाण नाही.

आमच्या समता विचार मंचाच्या बैठकीत या सोयरिकीचं स्वागत करणारा ठराव मी मांडला. मंचात सध्या सभासदांपेक्षा पदाधिकारी जास्त असल्यामुळे तो लगेच मंजूर झाला.

पाककृतीबद्दल दीपाचा सल्ला असा: गाजर गोल चिरून काय चव येणार? किसून घ्या. आणि तुपावर चांगलं परता. तुपाशिवाय गोड म्हणजे सरकारी कार्यक्रमातला चहा, असं ती म्हणते. थोडा खवा मिळाला तर तोही. वेलदोडा आम्ही पोस्टाने पाठवतो आहोत, इथल्या दुकानातला वासापुरताही नसतो.

होकाराची घाई करू नका, पण उशीरही नको. पोरगी पस्तिशीला आली. ममता आहे तशीच असू द्यावी.

आपला,
देवानंद


हर्नडन
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय देवानंदभाऊजी यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र एकट्यानेच वाचा. दीपाला नंतर सांगा.

परवा गेलो. मी दुपारपासून खपून त्सिमेस केलं होतं. गाजरं किसली, तुपात परतली, खवा मिळाला नाही म्हणून दुधाची भुकटी घातली, मग सुका मेवा, मध, रस. नागपूरहून आणलेल्या पितळी पातेल्यात, कल्हई करून आणलेल्या. रंग असा आला होता की एलीने गाडीत चार वेळा झाकण उघडलं. जागृतीला मी घरातून निघतानाच काय केलंय, कसं केलंय ते सांगितलं. ती ऑफिसातून धावत आली होती, नुसती हसली आणि माझ्या गालाला गाल लावला.

रूथबाई दारात आल्या. हात धरून आत नेलं. मी पातेलं पुढे केलं. त्यांनी घेतलं, झाकण उघडलं, जागृतीला हळूच काहीतरी विचारलं, जागृतीने उत्तर दिलं, आणि भाऊजी, त्यांचा चेहरा उतरला. आत पांढरा टेबलक्लॉथ, काचेची ताटं, मेणबत्त्या, मधोमध मोठं मांसाचं पात्र. माझं पातेलं त्या टेबलावर आलं नाही. त्या ते घेऊन मागच्या ओसरीवर गेल्या. तिथे एक घडीचं टेबल होतं. त्यावर ते ठेवलं. शेजारी कागदी ताटल्या आणि प्लास्टिकचे चमचे. त्यांच्या भांड्यात काढून घेतलं नाही, त्यांच्या चमच्याने ढवळलं नाही. मी खिडकीतून सगळं पाहत होते.

मला लहानपणी पाटलांच्या घरच्या लग्नात अंगणाच्या कडेला बसवलं होतं. पत्रावळ, वरून टाकलेलं अन्न, आणि पाणी ओंजळीत. आईने मला सांगितलं होतं की पटापट जेव, वर पाहू नकोस. मी वर पाहिलं नाही. परवा त्या काचेच्या ताटापुढे बसून मी तसंच केलं. काय जेवले ते आठवत नाही. इतकी वर्षं झाली, इतका शिकला आपला समाज, विमानात बसून सातासमुद्रापार आले, आणि माझं भांडं ओसरीवरच?

मला माझी चिंता नाही. मी सहा महिन्यांनी परत जाईन. पण उद्या जागृती त्या घरात गेली, तर तिचं ताट कुठे मांडतील? तिची पोरं झाली तर ती कुठे जेवतील? ही एकच गोष्ट माझ्या मनात अडकलीय.

परत येताना पातेलं जागृतीने गाडीत ठेवलं, मी झाकण उघडून पाहिलंसुद्धा नाही. घरी आल्यावर जागृतीला एवढंच सांगितलं की माझा नकार आहे. ती रडली. कारण मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं की माझंच रडू बाहेर येईल, या भीतीने.

तुम्ही काय म्हणता ते लवकर कळवा. या घरात मला सल्ला द्यायला दुसरं कुणी नाही.

आपली,
गिरजावहिनी


पार्सिपनी
२८ सप्टेंबर २०२५

ती. गिरजावहिनींस,
सविनय जयभीम, वि. वि.

पत्र वाचलं. दादा शाळेत जाताना दप्तरात स्वतःचा पेला नेत असत, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिक्षक उंचावरून पाणी ओतायचे. तो पेला त्यांनी नोकरी लागल्यावरही फेकला नव्हता. तुमचं पत्र वाचताना मला तोच दिसत होता.

तुमचा नकार योग्य आहे. मी ताबडतोब मंचाची तातडीची सभा बोलावली. बाकी कुणाला कामावरून सुटता आलं नाही. म्हणून स्वागताचा जुना ठराव रद्द करणारा नवा ठराव मी मांडला, मीच अनुमोदन दिलं आणि दीपा चहा टाकत होती तेव्हा तिची संमती गृहीत धरली. ठराव एकमताने संमत.

शिवाय मी गप्प बसलेलो नाही. जागृतीने पूर्वी कळवलेल्या पत्त्यावर मी रूथबाईंना थेट इंग्रजीत पत्र धाडलं आहे. आठ पानं आणि शेवटी तळटीपा. वेगळ्या भांड्याचा इतिहास, पाण्याचा हक्क, कागदी ताटलीचा निषेध, सर्व मुद्दे आले आहेत. रजिस्टर केलं आहे. तुम्हाला कळवून पाठवावं असं दीपा म्हणत होती, पण अशा वेळी कृती आधी करायची असते.

जागृतीची समजूत काढा. तिच्यासाठी दुसरी स्थळं पाहू. बॉथेलला कुशल म्हणून एक चांगला मुलगा आहे, फक्त बोलत नाही. धीर सोडू नका, आमची माया तुमच्या पाठीशी उभी आहे.

आपला,
देवानंद


हर्नडन
३ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस,
जागृतीचा साष्टांग राग, आणि त्यामागोमाग जयभीम.

काका, यार, काय केलंत तुम्ही! रूथचा फोन आला. तुमचं पत्र त्यांना मिळालं. रजिस्टर. सही करून घेतलं. त्यांनी आधी विचारलं की हे पत्र एखाद्या वकिलाचं आहे का. मग म्हणाल्या की कुणीतरी इतक्या काळजीपूर्वक परिच्छेद पाडून लिहिलेलं पत्र त्यांना कित्येक वर्षांनी मिळालं, म्हणून त्यांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना कळलं की यातली कागदी ताटली त्यांच्याच घरची आहे. मग त्या फोनवर रडल्या. त्यांच्या फोनआधी आईच्या नकाराचं कारण मला माहीतच नव्हतं! मी मीटिंग कॅन्सल केली आणि पार्किंगमध्ये उभी राहून ऐकत होते.

आता तुम्ही नीट ऐका, म्हणजे वाचा. रूथच्या घरात त्यांच्या धर्माचा स्वयंपाकाचा नियम पाळतात. मांस आणि दूधदुभतं एका टेबलावर येत नाही. त्याची भांडी वेगळी, चमचे वेगळे, धुवायची जागासुद्धा वेगळी. हे त्या त्यांच्या आईसाठी पाळत आल्या. ज्या स्वयंपाकघरात हा नियम नाही, तिथे शिजलेलं काहीही त्यांच्या भांड्यात जात नाही. त्या दिवशी जेवणात मांस होतं. त्यांनी मला विचारलं ते एवढंच की यात लोणी-तूप आहे का. मी म्हणाले, हो, भरपूर. दीपाकाकूंचा सल्ला होता ना! आणि एली? या महाशयांना कोळंबीपासून सगळं चालतं. आईच्या घरचा नियम मला आणि माझ्या आईला सांगावा, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तो त्या दोन दिवसांत घरातली सगळी भांडी घासून बसला.

ओसरीवरच्या त्या टेबलावर अजून एक भांडं होतं. आईला तिचं एकटीचंच दिसलं. दुसरं एलीच्या मोठ्या बहिणीचं, नाओमीचं होतं. तिने घरून चीजचा पास्ता आणला होता. पोटची मुलगी, तरी तिचं भांडं ओसरीवर. दर वर्षी तिथेच असतं म्हणे. आणि काका, नाओमी, तिचा नवरा, तिची पोरं, एली, सगळे ओसरीवर जाऊन आईचं त्सिमेस खात होते. पोरांनी पातेल्याच्या कडा बोटांनी पुसल्या. घरी आल्यावर मी झाकण उघडलं तर धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

मंडळाच्या सहलीतली वांगी आठवा. टेबलाच्या मधोमध, फुलांशेजारी, आणि एक फोड कमी नाही. आई म्हणते लोक तब्येतीला जपतात. ती काही भोळी नाही, तिला सगळं कळतं. तुम्हीही सांगा, ठराव कुणाच्या विरोधात करायचा होता? मंडळातल्या लोकांनी कधी आपलं भांडं हलवलं नाही. हात लावला असता तर हलवलं असतं ना! प्रीताबाई आमच्याकडे आल्या की पाण्याची बाटली स्वतःची आणतात. अमेरिकेत सगळ्यांच्याच हातात बाटली असते, त्यामुळे विचारायची सोय नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली की नियम भांड्याचा असेल, पण लागलं मला. रूथने तिला बारा तारखेच्या रविवारी एकटीला आधी बोलावलंय. जाईन असं म्हणालीये, होकार-नकाराबद्दल अवाक्षर नाही. मी एलीशी लग्न करणारच, पण आईने मान खाली घालून माझ्या लग्नात जेवावं, हे मला सहन होणार नाही. तुम्ही कृपा करून नवीन पत्र कुणालाही लिहू नका. कुशलला तर मुळीच नको.

राग गेला की प्रेम खाली शिल्लक आहेच.

तुमची,
जागृती


हर्नडन
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय देवानंदभाऊजी यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमच्या आठ पानांबद्दल मी रागावले होते. आता नाही. का ते सांगते.

रविवारी सकाळी जागृती मला रूथबाईंच्या दारात सोडून गेली. भाषेची अडचण होतीच. माझं इंग्रजी टपालाच्या अर्जांपुरतं. पण त्या सावकाश बोलतात, आणि समजलं नाही तर पुन्हा बोलतात, आवाज न चढवता. त्यांनी तुमचं पत्र टेबलावर ठेवलं होतं. त्यात पेन्सिलीने खुणा. त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या आजोबांना इथल्याच एका समुद्रकाठच्या हॉटेलच्या दारावरून परत पाठवलं होतं, आत ज्यू माणसं घेत नाहीत म्हणून. ही गोष्ट त्या लहानपणापासून ऐकत आल्या, आणि त्यांच्याच ओसरीवरून कुणी तसंच अपमानित होऊन गेलं, याची त्यांना लाज वाटली. हवं तर पुढच्या वेळी तुमचं पातेलं मी टेबलावर ठेवीन, नियम मोडला तरी चालेल, असंही म्हणाल्या.

मी नको म्हटलं. माझ्यासाठी कुणी आपल्या आईचं घर मोडावं, हे मला कशाला हवंय? पण मी त्यांना विचारलं. बाई, तुमचा नियम माझ्या भांड्याला लागतो, की माझ्या हाताला? हे इंग्रजीत कसं विचारलं ते विचारू नका. मी पातेल्याकडे बोट केलं, मग माझा हात पुढे केला.

त्या उठल्या. वरच्या फळीवरून एक जड काळं भांडं काढलं. त्यांच्या आईचं. सणासुदीलाच निघतं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघराचं दार उघडून बाजूला उभ्या राहिल्या. आतला तिखटमिठाचा डबा, चमचे, सुरी, सगळं माझ्यासमोर मांडलं. म्हणाल्या, आज तुम्ही शिजवा, मी चिरते.

भाऊजी, मी आयुष्यात पुष्कळ घरांत गेले. दिवाणखान्यात बसवलं, सरबत दिलं, माझ्या मुलीच्या हुशारीचं कौतुक केलं. स्वयंपाकघराचं दार मात्र ओढलेलं असायचं. कुणी आपल्या आईचं भांडं हातात देऊन मला चुलीशी उभं केलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि गाजरं मागितली.

गाजरं त्यांनी गोल चिरली. किसलेली चालत नाहीत म्हणे, नव्या वर्षात पैसा यावा म्हणून नाण्यांसारखी हवीत. तूप नाही, तेल. दुधाची भुकटी नाही. तुम्ही पाठवलेल्या वेलदोड्याची पुडी मी पदराखालून काढली, ती मात्र त्यांनी वास घेऊन, नियमात बसते का ते पाहायला तिच्यावरची इंग्रजी चिठ्ठी चष्मा लावून वाचून मंजूर केली. दालचिनीवरून आमचं थोडं वाजलं. रताळं आधी की गाजर आधी, यावरून अधिक वाजलं. दीपाला सांगा, तुपावाचूनही बरं लागतं.

दुपारी सगळे आले. आपले म्हणून कुणी असावं या हेतूने रूथबाईंनी जागृतीकडे ओळख झालेल्या प्रीताबाईंना आणि त्यांच्या यजमानांना, शैलेंद्ररावांनाही बोलावलं होतं. जागृतीने नको म्हणून सुचवलं होतं, पण रूथबाईंना त्यातलं काय कळणार? भांडं टेबलाच्या मधोमध आलं. प्रीताबाईंनी वाढून घेतलं. ज्यू पदार्थ त्यांना फार आवडतात म्हणे. पहिला घास खाऊन रूथबाईंच्या हाताला चव आहे हो, असं दोन भाषांतून म्हणाल्या. दुसऱ्यांदा घेतलं. तेव्हा रूथबाई अभिमानाने म्हणाल्या की हे मी नाही, गिरजाबाईंनी केलंय.

प्रीताबाईंचा चमचा ताटलीतच थांबला. मी पाहत होते. जागृती पाहत होती. शैलेंद्रराव खिडकीबाहेरचं झाड पाहायला लागले. रूथबाईंना वाटलं त्यांना अजून हवंय, म्हणून त्यांनी आणखी एक डाव वाढला. घर दुसऱ्याचं, समोर अमेरिकन बाई, आणि कीटो तर मघाशीच मोडलेली. करणार काय? खाल्लं बिचारीने. शेवटपर्यंत खाल्लं. मी तिला पाणी विचारलं, तेही घेतलं. माझ्या हातून.

जेवण झाल्यावर मी रूथबाईंना जागृतीच्या देखत सांगितलं. तुमच्या घरचा नियम तुम्ही पाळा, माझी मुलगीही इथे आली की पाळेल, तिला समजावून सांगा. तिचं ताट मात्र या टेबलावर लागेल. बाहेरचं काही येईल ते ओसरीवर जाईल, तर त्या दिवशी तुम्हीही ओसरीवर येऊन बसा. एलीने भाषांतर केलं. रूथबाई उठल्या, मागच्या ओसरीवरचं ते घडीचं टेबल उघडलं, त्याभोवती सगळ्या खुर्च्या एकेक करून नेऊन मांडल्या, आणि आपली खुर्ची शेवटी नेली. चहा तिथेच झाला.

मी होकार दिला आहे. लग्न मार्चमध्ये. तुमच्या मंचाला कळवा, आणि भाषण मात्र सात पानांवर आणू नका, एका पानावर आणा. दीपाला घेऊन यायचंच. आमच्यावर माया ठेवा, ती कमी पडली तर मागून घ्यायला मी येईनच.

आपली,
गिरजावहिनी